एकेएम संगीन : प्रकारभेद

सोव्हिएत संघाच्या एकेएम रायफलीसाठी १९५९ च्या सुमारास आलेली चाकूवजा संगीन. आधीच्या एके संगिनीचे पाते २०० मिमी. होते, हिचे सुमारे १५० मिमी. पाठीवर करवतीचे दाते व पात्यात लांबट भोक. हे भोक म्यानाच्या टोकाजवळील खुंटीत अडकवले की तार कापणारी कात्री तयार होते.

प्रकार ओळखताना पात्याआधी मूठ व म्यान पाहणे बरे. पहिल्या प्रकारात मूठ गोलाईदार, तांबूस तपकिरी प्लॅस्टिकची, म्यान पोलादी. वीज खेळवलेली तार कापताना धक्का बसू नये म्हणून म्यानावर रबरी वेष्टन असते. नंतरच्या प्रकारात मुठीला कोनदार पोलादी टोपी आणि प्लॅस्टिकचे म्यान आले. १९८९ च्या सुमारास पात्याची घडणच बदलली व टोक मध्यरेषेवर आले.

पोलंड, रुमानिया, बल्गेरिया, पूर्व जर्मनी येथेही या संगिनी बनल्या. पूर्व जर्मन नगांची मूठ बहुधा काळी असते. पण रंग हा दुबळा पुरावा, कारण प्लॅस्टिक उन्हाने व तेलाने बदलते.

खरी गोम म्यानात असते. लष्करी भंगारात म्याने सर्रास अदलाबदल होतात. संगीन व म्यान यांवरील क्रमांक जुळले तर जोडीचे मोल वाढते. मात्र क्रमांक नंतरही कोरता येतो, तेव्हा कोरीव खाचेतील झळाळी भिंगाखाली तपासावी. रबर निघून गेलेले पोलादी म्यान ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणून विकले जाते. बहुतेक वेळा ते केवळ झिजलेले म्यान असते.