खुमजुंगचे गुरुजी

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर निघालेले मराठी ट्रेकर नामचे बाजारला एक दिवस जास्तीचा मुक्काम करतात. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून त्या दिवशी थोडं वर चढायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं, असा रिवाज आहे. त्या चढावर, सुमारे ३,७९० मीटर उंचीवर, खुमजुंग लागतं. हिरव्या छपरांची घरं, दगडी बांधांनी आखलेली बटाट्याची शेतं, मागे शेर्पांचा पूज्य डोंगर खुंबिला. गावच्या शाळेच्या आवारात गिर्यारोहक एडमंड हिलरी यांचा पुतळा उभा आहे. त्यांच्याच पुढाकारानं १९६१ मध्ये ही शाळा सुरू झाली. पण तिथे मुलांना बाराखडी शिकवणारे गुरुजी होते तेम दोर्जे, दार्जिलिंगकडून आलेले एक शेर्पा.

नेपाळवर १९५१ पर्यंत राणांची सत्ता होती आणि सामान्य माणसाची मुलं शिकावीत, असं त्या राजवटीला कधी वाटलं नाही. खुमजुंगचा सगळा खुंबू प्रदेश तर राजधानीपासून कित्येक दिवसांच्या पायवाटेवर. तिथे अक्षरओळख व्हायची ती गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, तीही तिबेटी पोथ्या वाचण्यापुरती. पोटापाण्याचा आधार होता नांगपा ला खिंडीतून चालणारा व्यापार: तिबेटचं मीठ आणि लोकर इकडे, नेपाळचं धान्य तिकडे. १९५९ च्या उठावानंतर तिबेटवर चीनची पकड घट्ट झाली आणि हा व्यापार आटत गेला. शेर्पांना आता परदेशी मोहिमा आणि काठमांडूची कचेरी यांच्याशीच जास्त काम पडणार होतं. त्या दोन्ही ठिकाणी लिहिता-वाचता न येणाऱ्याची पदोपदी अडचण होती.

१९६०-६१ च्या हिवाळ्यात हिलरी एका शास्त्रीय मोहिमेवर पुन्हा खुंबूत आले होते. उंचीवर माणसाच्या शरीराचं काय होतं, याचा अभ्यास आणि यती या दंतकथेतल्या हिममानवाचा शोध हे तिचे हेतू. यतीची म्हणून खुमजुंगच्या गोंपात जपलेली टाळू, म्हणजे डोक्यावरची केसाळ कातडी, गावकऱ्यांनी त्यांना उसनी दिली आणि तिच्यासोबत खुंजो चुंबी हे गावचे वडीलधारे पार शिकागो, पॅरिस, लंडनपर्यंत जाऊन आले. ती टाळू सेरो नावाच्या रानबोकडासारख्या जनावराच्या कातड्याची असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला.

याच मोहिमेत एका रात्री शेकोटीभोवती बसले असताना हिलरींनी उर्किएन या शेर्पाला विचारलं, तुमच्या गावाला सर्वांत जास्त गरज कशाची आहे? उर्किएन यांनी मागितली ती शाळा. या शाळेचा सगळा इतिहास या क्षणावर उभा आहे. गावाला काय हवं ते गावच्या माणसानं सांगितलं, आणि पाहुण्यानं ते ऐकून घेतलं.

कलकत्त्याच्या एका ॲल्युमिनियम कंपनीनं इमारतीचं साहित्य देणगी दिलं. मोहिमेतल्या लोकांनी आणि गावकऱ्यांनी मिळून इमारत उभी केली आणि जून १९६१ मध्ये शाळा सुरू झाली. परदेशी पाहुणा आज आहे, उद्या नाही. मुलांना घरच्या बोलीतून समजावून सांगणारा आणि गावात राहणारा माणूस हवा होता. तेम दोर्जे तसे होते.

हिलरी मात्र पुन्हा पुन्हा परतत राहिले. १९६३ मध्ये त्यांच्या चमूनं पांगबोचे आणि थामे इथे शाळा बांधल्या, खुमजुंगमध्ये नळानं पाणी आणलं आणि देवीची साथ आली तेव्हा लशीही टोचल्या. १९६४ मध्ये लुकलाची धावपट्टी तयार झाली. बांधकामाचं सामान आणणं सोपं व्हावं, हा तिचा मूळ हेतू. १९६६ मध्ये शेजारच्या खुंदे गावी रुग्णालय उभं राहिलं. ३१ मार्च १९७५ रोजी काठमांडूजवळ विमान कोसळून हिलरींच्या पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा दगावल्या. त्या फाफलूला निघाल्या होत्या. तिथे हिलरींचं आणखी एका रुग्णालयाचं काम चालू होतं. त्या दुःखानंतरही त्यांनी नेपाळ सोडलं नाही.

खुमजुंगची शाळा सुरू झाली त्याच सुमारास नेपाळभर परदेशी शिक्षक येऊ लागले होते. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेची पहिली तुकडी १९६२ मध्ये आली. आधी नेपाळी भाषेचे धडे घ्यायचे, मग दोन वर्षं एकाच ठिकाणी राहून शिकवायचं, अशी त्यांची पद्धत होती.

पुढे पर्यटन वाढलं, तशी सेवेची मुदत आखडत गेली. दोन-तीन आठवड्यांसाठी, मध्यस्थ कंपनीला पैसे भरून शाळेत किंवा अनाथाश्रमात शिकवायला जाण्याची टूम निघाली. नेपाळच्या नियमांनुसार पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही, तरी हे चालत आलं. जाणाऱ्यांचं मन बहुधा चांगलंच असतं. पण दर पंधरवड्याला नवा शिक्षक आला की मुलं पुन्हा तेच इंग्रजी गाणं शिकतात. अनाथाश्रमांची गोष्ट तर याहून वेदनादायक. तिथल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं खेड्यांतून आणली गेल्याचं उघडकीस आलं आणि युनिसेफला अशा स्वयंसेवेविरुद्ध सावध करावं लागलं.

याउलट, खुमजुंगच्या बाकांवरून उठलेली मुलं कुठे पोचली, ते नोंदलेलं आहे. पहिल्या विद्यार्थ्यांपैकी मिंग्मा नोर्बू न्यूझीलंडला जाऊन वनोद्यानांचं व्यवस्थापन शिकले आणि सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रमुख झाले. कामी तेंबा हे याच शाळेचे. शिकून ते खुंदेच्या रुग्णालयात आरोग्यसेवक म्हणून लागले, बरीच वर्षं तिथे काम केल्यावर फिजीला जाऊन डॉक्टर झाले आणि परत आले. खुंदेचं रुग्णालय तोवर परदेशातून आलेले स्वयंसेवक डॉक्टर सांभाळत होते. २००२ पासून त्याची जबाबदारी कामी तेंबांनी घेतली आणि तपासणीच्या खोलीत शेर्पा आजी-आजोबांना आपलं दुखणं आपल्या भाषेत सांगता येऊ लागलं.