डोंबिवली : आगगाडीने वसविलेले नगर

मुंबईच्या परिसरातील वस्त्यांचा इतिहास पाहू लागले म्हणजे काही गावांचा कर्ता सहज सापडतो. १८९६ च्या प्लेगाने मुंबई हादरली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवरचे रस्ते व भूखंड आधी कागदावर उमटले, माणसे मागाहून आली. खाडीपलीकडची नवी मुंबईही १९७० पासून सिडकोने अशीच आखून वसविली. डोंबिवलीला मात्र असा कोणी जनक नाही. तेथे माणसे आधी आली आणि नकाशा त्यांच्यामागून धापा टाकीत आला. अद्यापही त्याने त्यांना गाठले आहे असे म्हणवत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा मार्ग ठाण्याची खाडी ओलांडून आणि मुंब्र्याजवळ डोंगराला वळसा घालून कल्याणास पोचला. डोंबिवली याच वाटेवर होती. पण कल्याण हे सातवाहनकाळापासून नावाजलेले बंदर, तर डोंबिवली उल्हास खाडीलगतचे भातशेतीचे खेडे. रूळ शेजारून गेले म्हणून खेड्याचे नगर होत नाही. त्यासाठी नोकरदाराला सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणणारी वेळेची गाडी लागते आणि त्याच्या पगारात बसणारा महिन्याचा पास लागतो. १९१६ साली पारसिकचा मोठा बोगदा खुला झाला, १९२५ साली मुंबईत विजेची गाडी धावली आणि १९२९ मध्ये विजेच्या तारा थेट पुण्याला भिडल्या. तेव्हा कोठे डोंबिवली मुंबईच्या आवाक्यात आली.

तरीही लोंढा लोटला तो स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गिरगाव-परळच्या चाळीतल्या भाडेकरूला अभय मिळाले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु गोठलेल्या भाड्यावर नवी चाळ बांधण्यास कोण तयार होणार? जुनी खोली सोडवेना आणि नवी पागडीवाचून मिळेना, अशा पेचात थोरल्या मुलाचे लग्न ठरले की बिऱ्हाड वेगळे करण्यासाठी नजर आगगाडीच्या मार्गावर पुढे पुढे सरकू लागे. तेथे जागा मोकळी होती आणि खिशाला परवडत होती. पुढे सहकारी गृहसंस्था आल्या. १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, आणि ज्याच्या सात पिढ्यांनी शहरात स्वतःची भिंत पाहिली नव्हती त्याच्या नावाची पाटी दारावर लागली. या पाटीचे मोल केवळ रुपयांत करणाऱ्याला डोंबिवली समजली नाही असेच मी म्हणेन.

या गावाला 'झोपण्यापुरते गाव' म्हणून हिणविण्याची चाल आहे. ती मला मान्य नाही. सूर्योदयापूर्वी घर सोडणाऱ्या माणसांनी उरलेल्या वेळात काय उभे केले ते पाहावे. वस्ती विरळ होती तेव्हा, १९२४ साली, येथे गणेश मंदिर उभे राहिले. त्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात, १९९९ साली, गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली आणि तिचे अनुकरण पुढे गावोगावी झाले. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुणांची जी दाटी होते तिला निमंत्रण कोणाचेच नसते. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे दोघे कथाकार येथलेच रहिवासी, आणि नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ च्या फेब्रुवारीत येथेच भरले.

मात्र या सुखाची किंमत रोज मोजावी लागते. इंदूर-बडोद्याच्या श्रोत्यांना कल्पना यावी म्हणून सांगतो : मुंबईचे मुख्य स्थानक येथून सुमारे ४८ किलोमीटर आहे, आणि ते अंतर बहुतेकजण उभ्याने तोडतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर, भरगच्च गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. काहींनी प्राण गमावले. गावातही धोका उशालाच आहे. औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या रासायनिक कारखान्यांभोवती घरांची दाटी होत गेली, आणि २०१६ व २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यातील स्फोटांत माणसे दगावली. कारखाना आधीचा की घर आधीचे, हा वाद प्रत्येक वेळी निघतो; दोहोंच्या मध्ये अंतर का राखले नाही, हा प्रश्न त्यात हरवतो.

आणि ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहिले ते भूमिपुत्र? नांदिवली, सागाव, माणपाडा, भोपर, दावडी ही मुख्यतः आगरी समाजाची गावे. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अशी सत्तावीस गावे तीत घातली गेली. २००२ साली ती वगळली आणि २०१५ साली पुन्हा सामील केली. एखादा कागद एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जावा तशी माणसांची वस्ती इकडून तिकडे फिरली. मधल्या वर्षांत तेथे इमारतींचे मजले चढतच होते; शिळ रस्त्यालगत तर पलावा हे नवेच नगर आकारास आले. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास भरली, पण ही गावे तेव्हा तिच्या हद्दीबाहेर असल्याने त्या आकड्यात त्यांची गणना नाही. कर कोणाला द्यावा आणि पाणी कोणाकडे मागावे, या प्रश्नातून तेथील लोकांनी स्वतंत्र नगरपालिकेची मागणी धरली. मोठ्या जलवाहिन्या जवळून जात असूनही यांतल्या कित्येक वस्त्यांत उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते.