कुलपामागची माणसे

वेड्यांचे इस्पितळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंत आणि लोखंडी दार उभे राहते. ब्रिटिश अमदानीत १८५८ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. उपचारापेक्षा बंदोबस्ताकडे तिचे लक्ष अधिक. १९१२ च्या कायद्याच्या सुमारास हा कारभार तुरुंगखात्याकडून डॉक्टरांकडे आला. पाट्या बदलल्या, पण येरवडा काय की ठाणे काय, वॉर्डाची कुलपे राहिलीच.

कुलूप असले तरी आतील हवा पालटता येते, हे अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी दाखविले. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांनाच राहावयास बोलावले. आप्तांच्या सोबतीने रोगी निवळू लागले आणि घरी परतू लागले.

पुढे जर्मनीतील नॉर्बर्ट शालास्ट यांनी बंदिस्त वॉर्डाचे वातावरण जोखण्यास तीन कसोट्या लावल्या: रोगी एकमेकांना सांभाळतात काय, तेथे निर्भयपणे वावरता येते काय, आणि सेवकवर्गाला रोग्याविषयी आस्था आहे काय.

चौथी कसोटी आम्ही आपल्यापुढे ठेवतो. २००१ साली तामिळनाडूत एर्वाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ रोगी जळून गेले. २०१७ च्या कायद्याने साखळदंडाला बंदी केली. घरचे स्वीकारीत नाहीत एवढ्यासाठी कोणाला इस्पितळात अडकवून ठेवू नये, असेही सांगितले. कायदा दार उघडील. परंतु बरा झालेला आपला माणूस न्यावयास त्या दाराशी आपण जाणार काय?