सिग्नल दळाचा मर्क्युरी

भारतीय सैन्याच्या सिग्नल दळाचा जन्म १५ फेब्रुवारी १९११ रोजी गंगाकाठच्या फतेहगढ येथे झाला. त्यापूर्वी निरोप पोचविण्याचे काम सॅपर्स अँड मायनर्स पलटणींकडे असे. पूल बांधणे, सुरुंग लावणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. तारा, झेंडे आणि आरसे हे त्याला जोडलेले. आरसा म्हणजे हेलिओग्राफ. कराचीस तारखात्यात असलेल्या हेन्री मान्स याने १८६९ च्या सुमारास तो सिद्ध केला, आणि दुसऱ्या अफगाण युद्धात डोंगरमाथ्यांवरून सूर्यकिरणेच टपाल वाहू लागली. आभाळ भरून आले की टपाल बंद!

कर्नल पॉवेल यांच्या हाताखाली ३१ व ३२ क्रमांकाच्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या आणि निरोप्याला सैन्यात स्वतंत्र घर मिळाले. घराला चिन्ह मात्र आले ते परदेशाहून. १९२० साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या सिग्नल दळाने रोमन देवांचा दूत मर्क्युरी आपल्या मुद्रेवर घेतला. तोच भारतीय जवानाच्या टोपीवरही चढला. शिरस्त्राणाला पंख, टाचांना पंख, हाती सर्पवेष्टित दंड, आणि सारा देह एका पायावर तोललेला. मूळ शिल्प सोळाव्या शतकातील, फ्लॉरेन्सचे, शिल्पकार जांबोलोन्या. सैनिक या देवाला लाडाने ‘जिमी’ म्हणतात. कोणी हे शिल्पकाराच्या नावाचे लघुरूप मानतात, तर कोणी १९२४ च्या सुमारास गाजलेल्या एम्ब्लेम नावाच्या लष्करी मुष्टियोद्ध्याकडे बोट दाखवतात. सैनिकांच्या बोलीची व्युत्पत्ती शोधताना फार आग्रह धरू नये, हेच बरे.

गंमत अशी की, मर्क्युरी हा चोरांचाही देव. ज्या दळाने शब्द चोरीस जाऊ द्यायचा नाही, त्याच्या माथी तो बसावा! आपल्याकडे समुद्र ओलांडून स्वामीचा निरोप अचूक पोचविणारा मारुती असताना हा पाहुणा कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु प्रजासत्ताक झाल्यावर मुद्रेवरचा मुकुट गेला, तेथे अशोकाचे सिंह आले, आणि मर्क्युरी आपल्या जागी राहिला. राजाची खूण गेली, निरोप्याची टिकली. निवड योग्यच म्हटली पाहिजे. दळाचे प्रमुखपद मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ब्रिटिश अधिकाऱ्याकडेच होते. १९५४ साली आर. एन. बत्रा हे पहिले भारतीय प्रमुख झाले.

ब्रिटिश दळाचे बोधवचन लॅटिन, भारतीय दळाचे ‘तीव्र चौकस’. मराठी माणसाला ‘चौकस’ म्हटले की प्रश्नांनी भंडावणारा गृहस्थ आठवतो. हिंदीत त्याचा अर्थ दक्ष, सावध. शत्रू पहिला घाव याच दक्षतेच्या धाग्यावर घालतो. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीच्या काठी चिनी तोफा सुरू झाल्या, तेव्हा भारतीय ठाण्यांमधील दूरध्वनीच्या तारा तुटलेल्या होत्या. एका ठाण्याची हाक शेजारच्या ठाण्याला ऐकू जाईना. ज्याला त्याला आपापल्या जागी एकट्यानेच लढावे लागले.