कुठल्या माशाला कोणतं आमिष

येलदरी धरणाच्या काठावर मी पहिल्यांदा गळ टाकला तेव्हा हातात कणकेची गोळी होती. बारीक मासे ती कुरतडून पसार होत. शेजारचा पोरगा मात्र बेडकाचं पिल्लू गळाला लावून मरळ ओढत होता. मीही एक बेडूक पकडला, तर अब्बांनी हात धरला. "मेंडक कू नको मारो रे." एका हकिमाने औषधात बेडूक घालण्याबद्दल विचारलं तेव्हा प्रेषितांनी (स.) मनाई केली, अशी हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. मग गांडूळ चालतं का, असं मी विचारलं. अब्बा पाण्याकडे बघत राहिले.

आमिषाचा हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. त्यातल्या करमणुकींच्या भागात 'मत्स्यविनोद' आहे, म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ. मराठी बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद याच ग्रंथातली, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात. मासेवाला अध्याय फारसा कुणी उघडत नाही.

राजा माशांची नावं सांगतो, समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले वेगळे करतो, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे वेगळे करतो. मग येतं खाणं: कुणाला पिठाचे गोळे, कुणाला मांसाचे तुकडे. आधी मासे खाऊ घालून जोपासायचे, गळ नंतर. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर लेख लिहिला. मत्स्यशास्त्रज्ञाला तो वाचावासा वाटला, यातच त्याची किंमत आली. इंग्रज साहेबांनी ट्राउटसाठी पिसांच्या खोट्या माश्या बांधल्या. पण ट्राउटला थंड पाणी लागतं, पूर्णेच्या उन्हाळ्यात तो जगायचा नाही. आमच्याकडे पीठ आणि किडाच.

हा राजा 'आपला' कसा, असं एका मित्राने मला विचारलं. आपला इतिहास तर दौलताबादपासून सुरू होतो ना? मला हे पटत नाही. कल्याणी आणि परभणी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. जिंतूरला राहणाऱ्या माणसाला चारठाण्याची जुनी देवळं शेजारीच आहेत. नमाज पढणाऱ्याच्या पणजोबांनी त्याच नदीत गळ टाकला असेल, तर त्या नदीचं ज्ञान त्याचंही आहे. आणि खरं सांगायचं तर ते राजाचंही नव्हतं. कोणता मासा काय खातो हे सिंहासनावर बसून कळत नाही. ते कुणातरी भोयाने, कोळ्याने सांगितलं असणार. ग्रंथावर नाव सोमेश्वराचं आहे.

राजाच्या काळात येलदरी नव्हतं. धरण विसाव्या शतकात झालं, आणि त्यातला कटला गंगेकडचा, बीज सोडून इथे आणलेला. त्याला पीठ चालतं, म्हणून अब्बांचं जमून गेलं. गांडुळाचं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही, पण त्या दिवसानंतर आमच्या डब्यात गांडूळ कधी दिसलं नाही.

मरळ पिठाला येत नाही. ती आमच्याकडे अजून बाजारातूनच येते.