वस्तादाच्या कानातून मैदानात

तुम्ही मुळगावचे. डिचोलीच्या शिमग्यात कमरेला लाकडी घोडा बांधून, ढोलाच्या ठेक्यावर तलवार परजत घोडेमोडणी नाचलेले. जरा डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल 1908, गाव बडोदे. पायाखाली तेल जिरलेली आखाड्याची माती. हे जुम्मादादा व्यायाम मंदिर.

समोर एक पोरगा लाकडी सुरा घेऊन उभा आहे आणि तुम्ही रिकाम्या हातांनी. याला म्हणतात बिनोट: हत्यारवाल्याशी निःशस्त्राने दिलेली झुंज.

वार येतो. तुम्ही मागे सरता, सुरा बरगडीला टेकतो. शेजारचा शागीर्द हसतो आणि करून दाखवतो. मागे नाही सरायचं, तिरपं. पाय वाराच्या रेषेबाहेर, हात त्याच्या मनगटावर. मनगट आत दुमडलं की मूठ आवळताच येत नाही. सुरा आपसूक गळतो. पैतरा लाठीचा, पकड कुस्तीची, डाव मात्र तिसराच.

आखाडा चालवतात प्रोफेसर माणिकराव. हाडं बसवण्यातही त्यांचा हातखंडा. सांधा बसवणाऱ्याला तो कुठे सुटतो हेही ठाऊक असणारच. त्यांचे वस्ताद जुम्मादादा. वस्तादाने आपली विद्या एखाद्याच शागिर्दाच्या कानात सांगायची, ही जुनी रीत. माणिकरावांनी ती विद्याच मैदानात आणली. बाहेर पोरांच्या रांगा उभ्या आहेत, पलटणीसारख्या. हुकूम मात्र हिंदीत. एक हुकूम, आणि सगळे पाय एकदम तिरपे. इथल्याच शिष्यांत जगन्नाथ गुणे आहेत. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद ते हेच.

तिकडे लंडनमध्ये, बंगळुरात जन्मलेल्या बार्टन-राइट साहेबाने जुजुत्सू, मुष्टियुद्ध, फ्रेंच लाथा आणि हातातली छडी एकत्र करून ‘बार्टित्सू’ काढलं होतं. 1902 पर्यंत त्याचा क्लब बंदही पडला. त्याने डाव एकत्र केले. बडोद्यात आखाडा आणि कवायत एकत्र आली, म्हणून एकाची विद्या अनेकांची झाली.

पुन्हा सुरा येतो. या खेपेला पाय तिरपा पडतो, मनगट दुमडतं, सुरा मातीत.

डोळे उघडता. मुळगाव. हातात घोडेमोडणीची तलवार. इतकी वर्षं ती फिरवताना नजर पात्यावर असायची. आज नजर आपल्याच मनगटावर जाते.