वसईचा वेढा (१७३९)

पोर्तुगीजांच्या उत्तर कोकणातील सत्तेचे केंद्र असलेले वसई हे तटबंद शहर मराठ्यांनी चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मे १७३९ मध्ये जिंकले. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली होती. तटाच्या आत चर्च, मठ आणि धनिक फिरंग्यांचे वाडे होते. तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल असल्याने खुष्कीने हल्ला करण्याजोगी बाजू मुख्यतः उत्तरेचीच होती. सुरुंगाने उडवलेला बुरूज आणि त्यानंतरचा सुलतानढवा यांमुळे हा विजय प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा पाया दोन वर्षांच्या कोंडीने घातला. १७३७ च्या पावसाळ्यात शिड्या लावून केलेले हल्ले फसले, कारण समुद्रमार्गे रसद चालू असेपर्यंत तटावरची शिबंदी खचत नव्हती. मार्च १७३७ मध्ये ठाणे पडल्याने साष्टी बेट हाती आले होते. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे व तारापूर घेतल्यावर वसईची उत्तरेकडील फळी तुटली. तारापूरच्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्र्यांच्या आरमाराचे साहाय्य मिळाले. त्याच वेळी मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत शिरल्याने पोर्तुगीजांच्या गोव्यातील राजधानीकडून मोठी कुमक येणे कठीण झाले.

कोंडीच निर्णायक होती, तर हजारो माणसे खर्ची घालून तटावर का चढावे लागले, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर ऋतुमानात आहे. वेढा फेब्रुवारीत बसला; पावसाळा सुरू होताच मोर्चे व भुयारे पाण्याखाली गेली असती आणि शहराला उसंत मिळाली असती. उपासमारीची वाट पाहण्याइतका अवधी मराठ्यांकडे नव्हता. शिवाय निव्वळ सुरुंगांनीही शहर घेतले नाही. मेच्या मध्यास सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडल्यावरही फिरंगी चिवटपणे लढले. मात्र मृतांची जागा घेणारी माणसे आणि पुरेशी दारू त्यांच्याकडे उरली नव्हती. मुंबईकर इंग्रजांनीही सैन्य धाडले नाही. नव्या पंचांगानुसार १६ मे रोजी पोर्तुगीज सेनानी कैतानु द सौझा परेरा याने शरणागतीचा तह केला. शिबंदीला सन्मानाने, तर रहिवाशांना चीजवस्तूंसह जाण्याची मुभा मिळाली. आठवड्याभरात शहर रिकामे झाले. या सौम्य अटींमागेही पावसाळ्यापूर्वी मोहीम आटोपण्याची निकड असावी. म्हणून वसईचा विजय केवळ शौर्याचा किंवा केवळ सुरुंगविद्येचा न मानता, आधी मदतीच्या वाटा तोडून मग योग्य वेळी घाव घालणाऱ्या नियोजनाचा मानणे अधिक युक्त ठरते.